कधीच न तापणारी गाडी

तीर्थस्वरूप मामांना,

हातमोजे काढून केलेला साष्टांग नमस्कार. (मोजे काढल्याचं मुद्दाम लिहिते, म्हणजे नमस्काराचं मोल कळेल.) मामींचा गुडघा कसा आहे? तुमची तब्येत विचारत नाही. ती उत्तमच असणार, कारण तुम्ही गरम गावात बसून आम्हाला गाडी दिलीत आणि मोकळे झालात.

गाडी देताना तुम्ही बॉनेटवर थाप मारून म्हणाला होतात, की बारा वर्षांत हिचा काटा कधी वर चढला नाही, भर उन्हातही ही तापत नाही. मामा, तुमचा शब्द खरा निघाला. आमच्याकडे सकाळी काचेवरचा बर्फ खरवडावा लागतो, आणि पाऊण तास गाडी हाकत मी बाबांना त्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात सोडते, तेव्हाही ही तापत नाही. हीटर लावला की समोरच्या जाळीतून असा वारा येतो, की बंद असलेला बरा. पोचेपर्यंत बाबांची बोटं लाकडासारखी होतात आणि केसाएवढा स्क्रू चिमट्यात धरायला दुपार उजाडते. गेल्या महिन्यात त्यांनी एका पुठ्ठ्यावर ‘दुकान कायमचे बंद’ असं सुंदर अक्षरात लिहून ठेवलं, फक्त तारीख घालायची राहिली. चाळीस वर्षांचं दुकान, मामा. मला तो पुठ्ठा बघवेना.

मग मी डोकं चालवलं. (इथे हसू नका.) वारा कमी पडत असेल म्हणून आतला पंखा बदलून घेतला. वारा दुप्पट झाला, आणि त्याबरोबर थंडीही. मग बाबांच्या मांडीवर गरम पाण्याची पिशवी दिली. ती एका वळणावर फुटली आणि बाबांना ओल्या पँटनं दुकान उघडावं लागलं. तरी बिचारे चिडले नाहीत. एवढंच म्हणत राहिले, की सिग्नलला थांबलो की बोटं जरा सुटतात आणि गाडी पळायला लागली की पुन्हा आखडतात. मी म्हटलं, वयोमानानं होतं असं.

शेवटी कोपऱ्यावरच्या मेकॅनिकबाईंकडे गेलो. बाई मोजकं बोलणाऱ्या. इंजिन थंड असतानाच झाकण उघडून त्यांनी पाणी पुरेसं आहे ना ते पाहिलं, मग गाडी सुरू करून इंजिन तापायची वाट पाहिली. माझी आपली समजूत, की हीटर म्हणजे इस्त्रीसारखी तापणारी एखादी तार. तसं काही नसतं हो मामा. इंजिनची जी उष्णता एरवी वाया जायची, ती इंजिनभोवती फिरणारं पाणी उचलतं. त्यातलं थोडं पाणी डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमधून जातं, पंखा त्याच्यावर फुंकर घालतो, आणि आपल्याला ऊब मिळते. इतकी वर्षं मी त्या पाण्यापासून दोन हातांवर बसून गाडी चालवते आणि मला पत्ता नाही. मी आ वासून उभी होते.

बाईंनी हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही पाइपांना हात लावून पाहिला. एक गरम आणि दुसरा गार असता, तर छोटा रेडिएटर तुंबलेला. इथे दोन्ही कोमट, म्हणजे इंजिनच तापत नाही. तेवढ्यात बाबांनी आपलं सिग्नलचं पालुपद लावलं. मला वाटलं, बाई आता वैतागणार. पण त्या वळल्या आणि म्हणाल्या, “हे आधी नाही का सांगायचं?” पाणी गार करणाऱ्या, पुढच्या मोठ्या रेडिएटरच्या वाटेवर थर्मोस्टॅट नावाचं एक दार असतं, आणि इंजिन तापेपर्यंत ते पाण्याला तिकडे जाऊ देत नाही. ते उघडंच राहिलं, तर गाडी पळताना समोरचा वारा सगळं पाणी गार करून टाकतो. बाईंनी तिथली टोपी खोलली. आत दारच नव्हतं. कुणीतरी अगदी सुबकपणे काढून नेलं होतं. (बाई म्हणाल्या, गरम गावातले लोक काढतात, गाडी तापू नये म्हणून. मी छताकडे बघत राहिले.)

नवं बसवण्याआधी बाईंनी ते पाण्याच्या पातेल्यात सोडलं आणि पातेलं शेगडीवर ठेवलं. ना सेल, ना चावी. आत नुसती मेणाची गोळी, ती वितळली की फुगते आणि दार ढकलते. पाणी तापलं आणि दार आपसूक उघडलं. बाबांनी खिशातलं भिंग डोळ्याला लावलं, आणि पाणी निवून दार मिटेपर्यंत ते जागचे हलले नाहीत. मग पुन्हा तापवायला लावलं. असं तीनदा. शेवटी त्यांनी ते कानाला लावलं (सवय) आणि म्हणाले, “टिकटिक नाही, तरी याला वेळ कळते.” बाबांचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. माझे डोळे भरून आले. ते वाफेनं, असं मी बाईंना सांगितलं.

आता गाडी दहा मिनिटांत उबदार होते आणि बाबा मोजे काढून बसतात. मामींना माझा नमस्कार सांगा, हा मोज्यांशिवायचाच.

तुमची भाची

ता. क. : ‘जास्तीचे’ सुटे भाग ठेवायचा तुमचा तो पत्र्याचा डबा आहे ना, त्यात जुना थर्मोस्टॅट असणारच. बाबांना तो कापून आतलं मेण बघायचंय. मी तुमचं नाव घेतलेलं नाही.

ता. क. २ : नाव घ्यायची गरज उरली नाही. तुम्ही दोन वर्षांपूर्वी दुरुस्तीला टाकलेलं मनगटी घड्याळ बाबांनी परवा उघडलं. त्यातलंही एक दातेरी चाक कुणीतरी जास्तीचं म्हणून काढलेलं आहे. बाबा एवढंच म्हणाले, “त्याला म्हणावं, डबाच घेऊन ये.”

ता. क. ३ : आत्ताच दुकानातून आले. पुठ्ठ्यावर तारखेच्या जागी बाबांनी लिहिलंय, ‘मेहुण्याचं घड्याळ चालू झालं की.’ तेव्हा मामा, तुम्ही लवकर या. डबा मात्र घरी विसरा.