काकूंच्या हातचं ताट

१० नोव्हेंबर
कोपरीतलं नवं काम, आणि घर चक्क बरं निघालं. मला स्वतंत्र खोली, नळाला गरम पाणी. विठ्ठलवाडीला आमच्या नळाला पाणी आलं हीच बातमी असते. पेशंट रवींद्रकाका. मोटर न्यूरॉनचा आजार, म्हणजे स्नायू एकेक करून संपावर जातात आणि डोकं मात्र शाबूत. बोलणं गेलंय, गिळणं जातंय, पोटात नळी बसवलीय. डॉक्टर म्हणाले, यांचं वजन टिकलं तर माणूस टिकेल. माझ्यासारख्या खादाड नर्सला साजेसं काम. त्यांच्या बायको मंदाकिनीकाकू गोड बोलतात, डोळे मात्र दुकानदाराचे. पण माझं ताट स्वतः भरून आणतात. आज सुरमई आणि तांदळाची भाकरी. इतका मान मला आईनेही कधी दिला नाही.

२२ नोव्हेंबर
काकांचं वजन वाढलं. या आजारात सहसा असं होत नाही. डॉक्टरांनी माझ्या पेजेला शाबासकी दिली, मी फुशारले. काका मात्र माझ्याकडे बघून डोळे घट्ट मिटत राहिले. ही त्यांची ‘नाही’ म्हणायची खूण. कशाला नाही, हे विचारणार तोच काकूंनी जेवायला हाक मारली, निवतंय म्हणाल्या. माझे ड्रेस सैल झालेत. दोन्ही वेळ एवढं हादडते, पण अंगी लागेल तर शपथ.

३० नोव्हेंबर
हातातून वाटी पडली. दंडाचं मांस आपोआप उडतं, डोळा लवतो तसं. पाणी पिताना ठसका लागतो. काका आज तोंडाने पाणी प्यायले, न ठसकता. काकू म्हणाल्या, तुझा पायगुण गं.

४ डिसेंबर
दार उघडं राहिलं म्हणून दिसलं. काकू माझं भरलेलं ताट काकांवरून उतरवत होत्या, डोक्यापासून पायांपर्यंत. आई असा उतारा तिठ्यावर टाकते, दुखणं त्याच्याबरोबर जावं म्हणून. जो खाईल त्याला ते लागतं. आम्ही पोरं नुसती जवळ गेलो तरी बडवायची. आणि मी इथे रोज तेच खातेय, बोटं चाटून.
मी ताट भिरकावलं. काकू शांतपणे फरशी पुसत म्हणाल्या, तिठ्यावर ठेवलं की कुत्रं खातं, आणि कुत्र्यात मावून मावून मावणार किती.

५ डिसेंबर
माझ्या आधीच्या नर्सला, कांताला फोन लावला. भावाने घेतला. ती आता बोलत नाही म्हणाला, नळीनेच पोसतोय. मग आईला लावला. जीभ वळेना. भरदुपारी प्यायलीस का, म्हणाली, आणि ठेवला. खूप रडले. मला मरायचं नाहीये.

८ डिसेंबर
जिन्यापर्यंत गेले. पाय उचललाच नाही — काकूंनी बखोटीला धरून आत आणलं. फोन घेतला. कुलूप.

११
जेवत नाही. काकू नाक दाबतात. तोंड उघडावंच लागतं — निम्मं ओघळतं, निम्मं आत

बहुतेक १४
पेन दोन्ही हातांत. काका उठून बसलेत. गाल भरलेत — पहिल्यांदा बोलले. वाटलं, ‘सोड तिला’ म्हणतील. काकूंना म्हणाले, दे इकडे, मी भरवतो. चमचा त्यांच्या हातात — माझ्या ओठांशी — आणि हात जरासुद्धा थर