रिकाम्या हातांनी ये

प्रिय आई,

माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र बाबांच्या खिशात कोंबून पाठवतेय. वाचल्याशिवाय डबा भरायला घेऊ नकोस.

काल सगळ्या वॉर्डादेखत मी तुझ्या हातातला डबा ओढून घेतला, ते तुला फार लागलं. ढब्बूची सख्खी बहीण आहेस की मापाडी, असं म्हणालीस. म्हण बाई. दवाखान्यातली आहारतज्ज्ञ म्हणजे मापाडीच की! पण तोवर ढब्बूने साखर घातलेला मऊ भात निम्म्याहून जास्त संपवला होता. लहानपणी उचलून घेताना तुझी कंबर धरायची, तो आपला ढब्बू. आतड्याच्या सुजेनं आता पार सापळा झालाय. खाल्लं की कळ येते, म्हणून कित्येक आठवडे नुसत्या चहाच्या घोटांवर काढले त्याने. अशा लेकराला आई पोटभर वाढणारच. हे शिकले नसते तर मीही वाढलं असतं.

पण आई, फार दिवस उपाशी राहिलेल्या अंगातले क्षार संपत आलेले असतात. एकदम अन्न पडलं, की ते वापरायला शरीर रक्तातले उरलेसुरले क्षारही ओढून घेतं आणि हृदय अडखळतं. तू गेल्यावर तेच झालं. ठोके चुकायला लागले, सलाइनमधून क्षार द्यावे लागले. नर्स धावपळ करत होत्या आणि मी, रोज तिथेच मिरवणारी, भिंतीला टेकून नुसती बघत होते. आता ठोके ताळ्यावर आलेत, पण धोका टळलेला नाही.

तुला दोष द्यायला हे लिहीत नाहीये. तू रडत गेलीस ते त्याने पाहिलं, आणि सकाळपासून तोंडच मिटून घेतलंय. त्याच्यापायी आपण दोघी भांडलो, असं त्याच्या मनानं घेतलंय. थोडा थोडा पातळ आहार, थांबत थांबत, एवढंच द्यायचंय. तेही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि तिची त्याला भयंकर धास्ती आहे. मी लाडीगोडी लावली, दटावलं, चिडवून पाहिलं. ढिम्म हलत नाही. मला फार भीती वाटतेय गं. बाबांबरोबर लगेच नीघ. जन्मात तू कुणाकडे रिकाम्या हातांनी गेली नाहीस, ठाऊक आहे मला. आज तेवढी तशी ये. चमचा मी मोजून भरीन, त्याच्या तोंडाशी तू धर.

तुझीच,
मापाडी