‘बोट धोक्यात’ ऐवजी काय लिहायचं

४ नोव्हें., बोईसर
सकाळीच दातिवऱ्याहून थोरल्या जाऊबाईंचा, वैशालीवहिनींचा फोन. मच्छीमार बोटींची खबर घरी कळवणाऱ्या आमच्या ॲपवरून काल संध्याकाळी गावातल्या हिरामावशीला मुलाच्या बोटीबद्दल मेसेज गेला – ‘बोट धोक्यात’. मावशी किनाऱ्याकडे धावली, वाटेत पडली, मनगट मोडलं. बोट सुखरूप. नुसती रेंज नव्हती.
“तुझ्या मोबाईलनं पाडली तिला,” वहिनी म्हणाल्या.
बोटीवरच्या फोनची रेंज गेली की ‘धोक्यात’ पाठवायचा, हा नियम सर्व्हरवर. तो पायथनमध्ये, माझ्याबरोबर ॲप बनवणाऱ्या इरफानने लिहिलेला. मला येते फक्त जावास्क्रिप्ट, स्क्रीनपुरती. सर्व्हर बंद करावा तर ‘बोट किनाऱ्याला लागली’ हे मेसेजही बंद.

६ नोव्हें.
इरफानला पुण्याला फोन. “रविवारी बघतो गं, नवीन नोकरी आहे.” खरंच आहे त्याचं. पण बोटी रोज जातात.
ठरवलं. सर्व्हरही जावास्क्रिप्टमध्येच लिहायचा. त्यासाठी नोड आणि एक्सप्रेस, डेटाला मोंगो, वर माझी रिॲक्टची स्क्रीन आहेच. सगळं फुकट, सगळ्याचा कोड कुणालाही वाचायला उघडा. एकच भाषा, म्हणजे एकटीला सांभाळता येईल. येईल?

१३ नोव्हें.
निम्मं झालं. एका तयार पॅकेजपाशी अडले, तर सरळ त्याच्या आतला कोडच वाचला. कुण्या अनोळखी माणसाचा. कळला!
इरफानला सांगितलं, तुझा भाग काढून टाकतेय. तो म्हणाला –
“अब्बू एकदा कारखान्यातून घरी आलेच नाहीत. गेटवर अम्मीला कोणी काही सांगेना. तो नियम मी उगाच नव्हता घातला.”
इतकी वर्षं शेजारी बसून काम केलं. हे कधी बोलला नव्हता.

२१ नोव्हें.
नवीन सर्व्हर सुरू. वहिनी बाजाराला आल्या होत्या, जेवायला थांबल्या. विचारलं, ‘धोक्यात’ ऐवजी काय लिहू?
“धोक्यात हाय ते तुला ठाव हाय का? मंग? ‘खबर नाय’ लिव. खरं तेवढंच हाय.”
त्यांच्यासमोरच बदललं. एक ओळ. पूर्वी याच ओळीसाठी रविवारची वाट बघावी लागली असती.

२ डिसें.
काल हिरामावशीच्या मुलाची बोट इंजिन बंद पडून रात्रभर वाहत राहिली. सकाळी दुसऱ्या बोटीने ओढून आणली. माणसं सुखरूप, मुलगा तापाने फणफणलाय.
संध्याकाळी ‘खबर नाय’ गेला होता. वेळेवर. सगळे म्हणाले, रेंज नसेल.
मावशीने स्वतः फोन केला. ओरडली नाही. “बाय, या टायमाला कोन धावला नाय गो.”
दिवसभर काम नाही झालं.

५ डिसें.
कोड आता सगळ्यांसाठी उघडा ठेवलाय. आज इरफानने बदल पाठवला. चक्क जावास्क्रिप्टमध्ये, जरा अडखळत लिहिलेला. आधी ‘खबर नाय’. तरीही बोट गप्पच राहिली, तर जवळच्या बोटी चालवणाऱ्या तांडेलांना विचारणा. त्यांनाही दिसली नाही, तर घरी ‘शोधा’.
वहिनींना फोनवर वाचून दाखवलं. “तांडेल जाळं वढेल का फोन बघेल?” मग स्वतःच, “पन वाईट नाय.”
अजून स्वीकारलेला नाही. ओळ न् ओळ समजतेय, अडचण ती नाही. ‘शोधा’ म्हणायच्या आधी किती वेळ थांबायचं, तो आकडा इरफानने घातलेलाच नाही. तिथे लिहिलंय, तू ठरव.
मी कोण ठरवणार? उद्या दातिवऱ्याला जाते. हिरामावशीकडे आधी, मग बाकीच्या बायका. एकमत होईल असं वाटत नाही, पण आकडा त्यांनीच सांगायचा.