कमरेवरची कळशी

शुक्रवार, १२ फेब्रुवारी १९९९, वसई

जर्मन संगीतकारावरचा लेख उद्या द्यायचाय, आणि मला त्या माणसाचा संशय येतोय. त्यांच्या नव्या रचनेची कॅसेट सकाळपासून चारदा ऐकली. व्हायोलिनं चढत जातात आणि मध्येच, काही कारण नसताना, थबकतात. मुलाखतीत म्हणाले, "ही धून घरामागच्या जंगलात आपोआप सुचली." म्हणजे वेदांसारखी अपौरुषेय! मग गेल्या वर्षी हेच गृहस्थ टेपरेकॉर्डर घेऊन इथल्या नंदाखाल गावात का फिरत होते?

संध्याकाळी कॅसेट घेऊन तिथल्या फिलोमिना मावशींकडे गेलो. लग्नासाठी विहिरीचं पाणी आणताना त्या गातात. ऐकून हसल्या.

"भाऊ, हे माझंच गानं. त्या गोऱ्याला मीच गाऊन दाखवलं."

"कशावरून तुमचंच?"

"ते मध्ये थांबतं ना, तिथं मी कळशी या कमरेवरून त्या कमरेवर घेते."

मग हळूच म्हणाल्या, "माझं नाव टाकलंय काय रे त्यानं?"

नाही. कॅसेटचं वेष्टन दोनदा उलटून पाहिलं.

लेखात आरोप करणार नाही. एवढंच विचारीन, महाराज, तुमचे व्हायोलिनवाले मध्येच थबकून कोणाची कळशी बदलतात?