भटूचा खोकला

देवपूर, धुळे
नोव्हेंबर १९४०

चिरंजीव झुलाल,

आज आम्हा जुन्या शिपायांच्या संघाचं संचलन झालं. मागच्या महायुद्धात बसऱ्याला मेलेल्या सोबत्यांसाठी आम्ही दरवर्षी असे चालतो. बँडमागून चालणारा बाप बघूनच तू फौजेत गेलास, असं तुझी आई म्हणते. मिसर देशातल्या लढाईवरून बरेच दिवस तुझं पत्र आलेलं नाही.

पांझरेच्या पुलापाशी सगळे स्तब्ध उभे राहिलो. डोळे मिटले, तर मेलेल्यांच्या रांगेत तू दिसलास. मी घाबरून डोळे उघडले.

मग भरतीचा साहेब आला. शेजारच्या सुंदरबाईचा एकुलता भटू धावतच माझ्याकडे आला. "नाना, साहेबले सांगा ना, माले बी फौजमा लई ल्या!"

साहेबाने मला विचारलं, "पोरगा कसा आहे?"

"खोकल्यातून रक्त पडतं त्याच्या," मी म्हणालो.

साहेबाने त्याला लगेच दूर केलं. खोटं उघडं पडलं तर माझी पेन्शन जाईल, ही धास्ती होतीच.

भटू रडकुंडीला आला. "खोटं कसाले बोलनात, नाना? तुमना झुलाल चालस, मी कसाले नही? जयगावले बी भरती शे. मी तठे जासू."

उद्या तो जळगावला निघेल. मीही त्याच गाडीत बसणार आहे. तिथल्या साहेबालाही हेच सांगेन.

हे पत्र टाकणार नाही. फौजेची पत्रं वाटेत साहेबलोक उघडून वाचतात. तुला वेगळं कार्ड लिहितो. त्यात संचलन छान झालं, एवढंच असेल.

तुझी वाट बघणारा,
नाना