मागच्या बुरुजावरचा पहारा

३ मार्च, सोमवार
किल्ल्यावरचा मुलांचा रविवारचा कार्यक्रम आजपासून माझ्याकडे. साहेब म्हणाले, दुसरं कुणी तयारच नव्हतं. म्हणजे निवड बिनविरोध!

लेकीच्या आईला लगेच फोन. या रविवारी लेकीला पाठवते म्हणाली. तिला आवडलं तर दर रविवारी पाठवीन, नाहीतर पुन्हा विषय काढायचा नाही. म्हटलं, चालेल. दर रविवार माझा झालाच म्हणायचा.

५ मार्च
प्लॅन फायनल: किल्ल्याला वेढा. अर्धी मुलं आत, अर्धी बाहेर. आधी माझं छोटंसं भाषण. अगदी आटोपशीर.

७ मार्च
भाषण सतरा पानी झालं. काय गाळणार? सगळंच महत्त्वाचं.

८ मार्च
पुठ्ठ्याचे भाले रेडी. शिपाई म्हणाला, त्यापेक्षा एक चेंडू द्या. काही लोकांना व्हिजन नसते.

९ मार्च, रविवार, सकाळी
लेक आली! माझं काम काय, म्हणून स्वतःहून विचारलं. सगळ्यात मानाचं दिलं: मागच्या बुरुजावर पहारा. मी स्वतः न्यायला येईपर्यंत हलायचं नाही. हो म्हणाली. गुणी पोर.

९ मार्च, संध्याकाळी
भाषण रंगलं. मुलं जरा चुळबुळत होती, पण तो उत्साह. वेढ्याची मात्र पंचाईत झाली. सगळ्यांना शत्रूच व्हायचं होतं. आत राहायला एकही तयार नाही, मग वेढा घालायचा कुणाला? भाले मोडले. एकाला मधमाशी चावली. पालकांनी मला धारेवर धरलं. सगळं निस्तरून ऑफिसात चहा घेत बसलो, तर शिपाई म्हणाला, तुमची मुलगी कुठाय?

धावत सुटलो. होती तिथेच. भर उन्हात, भाला धरून, रडून रडून डोळे सुजलेले. म्हणाली, बाबा, सगळे घरी जाताना मला वरून दिसत होते, तूच आला नाहीस.

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तरी जागा सोडली नाही हं. ही शिस्त माझ्याकडूनच आलीय.

१० मार्च
तिच्या आईचा फोन नाही. राग निवळेल. रविवारी लेकीला थेट सेनापती करतो.

१३ मार्च, संध्याकाळी पाच
शेवटी मीच फोन केला. तिची आई म्हणाली, रविवारी पोहण्याचा क्लास लावलाय. म्हटलं, तो तासभराचा असेल, नंतर पाठव. त्यावर म्हणाली, पुन्हा विषय काढायचा नाही असं ठरलं होतं. म्हटलं, बरं, तिला तरी फोन दे.

मागून लेकीचा आवाज आला, झोपलेय म्हणून सांग.

दमली असेल बिचारी.