पिसांच्या कपाटाची किल्ली

कुल्लू

बाबाले अन् मायले खुशबूचा नमस्कार.

मी बरी आहो. मासे धराच्या गळाले कोंबड्याची पिसं अन् सशाची लव बांधून आमी इथं कारखान्यात खोटे किडे बनवतो.

मागच्या महिन्यात पिसांच्या डब्यात मी, आपण चिचगडले धानात ठेवतो तसा, कडूनिंबाचा पाला ठेवला. तरी कसर लागली. मी मालकिणीले स्वतःच जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "अब तू ही बचा."

मी पिसं साबणानं धुतली, सावलीत वाळवली अन् पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवली, थंडीनं कसर मरते. बहुतेक वाचली. आता मालकिणीनं पिसांच्या कपाटाची किल्ली माझ्याचजवळ देली, म्हणून दिवाळीले येता येनार नाही.

मायचा खोकला थांबला का? मी खरं लिहिलं, तुमी बी खरंच लिहा.

तुमची खुशबू